अनधिकृत घोंगडी

सातारच्या एसटी स्टँडाच्या वाटेवर कुणालाही विचारा, हंबीरराव घोंगडीवाल्याला आजवर कुणी फसवलंय का? लोक हसतील. उधार मी देत नाही, खोटी नोट नुसत्या स्पर्शाने ओळखतो, आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला असा गुंडाळतो की तो घरी गेल्यावरच उलगडतो!

तर एकोणीसशे नव्व्याण्णव साली माझी सून शिवांजली मला म्हणाली, "आबा, आपुन घोंगडी इंटरनेटवर विकूया."

"तिथं दुकान कुणाच्या जागेत?"

"कुणाच्याच न्हाई. ते हवेत असतंय."

"मग घाल की. भाडं न्हाई, गटार न्हाई."

गटारीचं का काढलं ते सांगतो. आमचं दुकान पत्र्याचं. मागे भिंत, पुढे नगरपालिकेची गटार. धंदा वाढला तसं दुकान पुढे पुढे सरकलं आणि शेवटी त्याच्या दोन फळ्या गटारीवर जाऊन बसल्या. कुणाच्या नजरेत आलं नाही. शेजारची चहाची टपरी मात्र एकदा नगरपालिकेने उचलली. आधी तिच्यावर पाटी लावली होती. मी तेव्हा पन्नाशी ओलांडून साक्षरतेच्या वर्गाला जात होतो. कमळ, गवत, घर यांच्या पुढचा मी वाचलेला पहिला मोठा शब्द त्या पाटीवरचा. अनधिकृत. मी तो वाचून पुरा करेपर्यंत टपरी गेलेली होती. तेव्हापासून तो शब्द कानावर आला की मी आधी आपल्या दोन फळ्या बघतो.

इंटरनेटचं दुकान सुरू झालं. सायबर कॅफेत बसून शिवांजलीने घोंगडीचा फोटो लावला, शेजारी मला उभं केलं. दोघांतली घोंगडी कोणती ते खाली लिहिलं म्हणून बरं. परमुलखातला माणूस आपल्या कार्डाचा नंबर कळवणार, मुंबईची एक कंपनी त्याच्या बँकेतून पैसे काढून आमच्या साताऱ्याच्या बँकेत टाकणार. माणूस दिसत नाही, नोट दिसत नाही, पैसे मात्र येतात. मी म्हटलं, या धंद्यात आपण आधीच का नाही पडलो?

पहिलीच मागणी अमेरिकेतून आली. मागवणाऱ्याचं नाव मुकुल. घोंगडी पोचवायची सांगलीत, त्याच्या वडलांना, पंच्याहत्तरीची भेट म्हणून. म्हसवडच्या धुळा विणकराने विणलेली काळीभोर घोंगडी होती. तिच्यावर झोपणाऱ्याला पाठ खाजवावी लागत नाही, ते काम घोंगडीच करते. पार्सलवाल्यावर माझा भरवसा नाही, म्हणून मी स्वतः एसटीने जाऊन देऊन आलो. म्हातारे नारायणराव, मास्तर होते पूर्वी, घोंगडी अंथरून तिच्यावर आडवे झाले आणि डोळे मिटून म्हणाले, "टोचते हो. अगदी लहानपणी टोचायची तशी टोचते."

मी चहा घेऊन छाती फुगवून परत आलो.

पुढच्या महिन्यात दुकानातला फोन वाजला. नेमकी समोरून उसाची ट्रॉली चालली होती, कर्ण्यावर गाणी लावून. मला तुटक तुटक ऐकू आलं. "…कडून बोलतोय. तुमचं ते अनधिकृत ठरलंय. आठ दिवसांत खुलासा करा, नाहीतर उचलून घेणार. दुकान बंद होईल."

मी पायाखालच्या दोन फळ्या बघितल्या आणि माझं डोकं फिरलं.

"उचलून तर बघ," मी ओरडलो. "हात लाव, मग दावतो तुला सातारा काय हाय ते!"

फोन आपटला आणि तडक भाऊसोंकडे गेलो. भाऊसो म्हणजे रिटायर सुभेदार. पेन्शन घेऊन दहा वर्षं झाली, पण लढाई संपल्याचं त्यांना कुणी कळवलेलं नाही. त्यांनी आणखी तीन माजी सैनिक गोळा केले, दुकानातल्या घोंगड्यांच्या वळकट्या गटारीच्या कडेला रचल्या आणि मागे मांडी ठोकून बसले.

"दुश्मन कुठनं येणार?" भाऊसोंनी विचारलं.

"पालिकेकडनं."

"हत्यार?"

"टेप असंल. मापायची."

दुपारपर्यंत कुणी आलं नाही. गिऱ्हाइकंही आली नाहीत, कारण घोंगडीला हात लावला की भाऊसो पासवर्ड विचारत होते. मग तिसऱ्या प्रहरी खरोखरच नगरपालिकेतला बाळासो आला. हसत हसत, हात हलवत.

"आबा, घोंगडी बघाय आलोय. आमच्या सासऱ्याला थंडी लय वाजतीया."

मी असल्या थापांना भुलणारा नाही.

"काय बघाय आलाईस ते ठावं हाय मला. या दोन फळ्या गटारीवर हायत. व्हय, हायत! कवापासनं हायत. काय करणार हाईस?"

बाळासो खाली बघायला लागला. "कुठल्या फळ्या?"

"ह्या." मी पाय आपटून दाखवल्या. खालून गटारीने चांगला आवाज दिला.

"आणि म्होरली छपरीबी दीड हात भाईर हाय," भाऊसो वळकटीआडून गरजले. "लिहून घे. आमी कुणाला भीत न्हाई!"

बाळासोने खिशातून पेन काढलं. "आबा, मला खरंच म्हाईत नव्हतं," तो हळूच म्हणाला, आणि घोंगडी न घेताच गेला.

"दुश्मन पळाला," भाऊसो म्हणाले. आम्ही भेळ मागवली.

भेळ संपायच्या आत शिवांजली आली. पदर खोचलेला.

"आबा, बँकेतल्या सायबांना मारायची धमकी का दिलीसा?"

"कुठल्या बँकेतल्या?"

मग तिने सगळं सांगितलं. फोन नगरपालिकेचा नव्हता, बँकेचा होता. अमेरिकेतला मुकुल म्हणत होता, माझ्या कार्डावरचे हे पैसे मी खर्च केलेलेच नाहीत. तेव्हा तो व्यवहार अनधिकृत. पैसे आमच्या खात्यातून परत उचलणार, आणि खुलासा झाला नाही तर इंटरनेटवरचं दुकान बंद.

"म्हंजे अनधिकृत घोंगडी हाय? फळ्या न्हाईत?"

"फळ्यांचं कुणी काढलं?"

"कुणी न्हाई," मी म्हणालो. भाऊसो एकदम भेळेचा कागद वाचायला लागले.

मी तसाच बँकेत गेलो. साहेब वाईचा, तरुण, सभ्य. मला बघून टेबलाच्या पलीकडे जरा सरकला.

"साहेब, कार्ड त्याचं, बँक त्याची, पैसं काडलं मुंबईच्या कंपनीनं. मग त्यात चोरी झाली तर भरायचं घोंगडीवाल्यानं?"

"नियमच आहे तो, आबा. गिऱ्हाईक समोर नसताना माल विकला, तर जोखीम विकणाऱ्याची. बरं, माल दिल्याची पोच आहे का तुमच्याकडे?"

"पोच कशाला पायजे? मी सोता पोचलो की!"

"तसं नाही. सही, कागद…"

"चहा पिऊन आलोय तिथं."

"चहा चालत नाही," साहेब म्हणाला.

असला नियम मी मानत नाही. मेंढरू धनगराचं, लोकर मेंढराची, घाम धुळाचा, आणि पैसे हवेत? घोंगडं भिजत ठेवायची आपली रीत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून मी आणि शिवांजली सांगलीत नारायणरावांच्या दारात. ते घोंगडीवर बसून पेपर वाचत होते.

"मास्तर, उठा," मी म्हणालो. "एक तर घोंगडी द्या, न्हाईतर पोराचा शब्द द्या."

"घोंगडी मिळणार नाही," नारायणराव म्हणाले आणि दोन्ही हातांनी कडा धरून बसले. "माझ्या मुलाने पाठवलीय ती. गल्लीभर दाखवून झालीय."

"त्योच न्हाई म्हणतोय!"

मास्तरांनी चष्मा काढला आणि अमेरिकेला फोन लावला. तिकडे जेवणाची वेळ होती. फोनचा आवाज मोठा होता, खोलीभर ऐकू येत होता.

"बाबा, मी कसली घोंगडी घेतली नाही हो," मुकुल सांगत होता. "बिलावर मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचं नाव आलं. मी बँकेला कळवून टाकलं, हे मी केलेलंच नाही."

"असं." मास्तर शांतपणे म्हणाले. "म्हणजे माझ्या पंच्याहत्तरीला तू काहीच पाठवलं नाहीस."

पलीकडे मुकुल "म्हणजे, ते, बाबा" करायला लागला. अमेरिकेला एवढं अडखळताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मग मागून एका बाईचा आवाज आला. "अहो, मी मागवली होती, तुमच्या कार्डावर. तुम्ही विसरणार हे माहीत होतं मला." ती मुकुलची बायको, अपूर्वा.

शिवांजलीने मला कोपराने ढोसलं. "बघा. सुनाच धंदा चालवत्यात."

मी फोन हातात घेतला. "साहेब, लवकर ठरवा. तुमी पाठवली का न्हाई? न्हाई म्हणत असाल तर तुमच्या वडलांच्या अंगाखालनं वढून नेतो."

"पाठवली, पाठवली," मुकुल घाईघाईने म्हणाला. "मीच पाठवली. बाबा, पंच्याहत्तरीच्या शुभेच्छा."

त्याने आपल्या बँकेला कळवलं, पैसे जागेवर आले, आणि आमच्या साहेबाने मला स्वतः फोन केला. या वेळी ट्रॉली नव्हती. एकेक अक्षर स्वच्छ ऐकू आलं. "आबा, तुमचा व्यवहार अधिकृत ठरला. दुकान चालू."

मी कंदी पेढ्यांचा पुडा घेतला आणि वाजत गाजत म्हणावं तसा दुकानाकडे निघालो. भाऊसो आणि त्यांची पलटण दारातच उभी होती, पण पेढा घ्यायला कुणी हात पुढे करेना. पत्र्यावर पाटी लावलेली होती. शब्द एकच आणि ओळखीचा. या वेळी मी तो एका दमात वाचला.

बाळासो तिथेच उभा होता. "आबा, मी न्हाई सांगितलं. तुमीच सांगितलं. छपरी सुभेदारांनी सांगितली."

तर सांगायचं एवढंच, की आज माझं हवेतलं दुकान साऱ्या जगात अधिकृत आहे. जमिनीवरचं दुकान मात्र उचलून भिंतीला टेकवावं लागलं आणि दोन फळ्यांनी तोकडं करावं लागलं. उचलायला भाऊसोच होते, त्यांना जबाबदारी टाळता येत नाही. आता गिऱ्हाईक आत बसलं की मला बाहेर, गटारीपलीकडे उभं राहावं लागतं. आणि फोन शिवांजली उचलते.

बाळासोच्या सासऱ्याला घोंगडी मी फुकट दिली. पोच घेऊन.