दुकानात धुकं

"घरात वाचतं कोण?" शाळेतल्या बाईंनी विचारलं, तेव्हा चष्मेवाल्याने बायकोकडे पाहिलं आणि बायकोने छताकडे.

"मग ठकी कशी वाचेल? मुलं सांगितलेलं ऐकत नाहीत, पाहिलेलं करतात."

शनिवारी दुपारी चष्मेवाल्याने एक जाडजूड कादंबरी घेऊन दुकानात ठाण मांडलं. वाचायचं नव्हतंच, नुसतं वाचताना दिसायचं होतं. ठकी काउंटरखाली चष्म्याच्या डब्यांचा मनोरा रचत होती. तिचं लक्ष जावं म्हणून तो फडफड पानं उलटायचा, "अरे बापरे!" म्हणायचा. ठकी ढिम्म.

पण गोष्ट होती एका दीपगृहाची. तिथे एकटी राहणारी बाई, समुद्रावर पसरत चाललेलं धुकं आणि अजून न परतलेली तिच्या भावाची होडी. पुढच्या "अरे बापरे"ला तो खराच दचकला. भिंतीवरच्या काचांमधून सरकणारं ऊन त्याला लाटांसारखं हलताना दिसू लागलं. डोळे पुसायला त्याने चष्मा काढला, तेवढ्यात तयार चष्मा न्यायला गिऱ्हाईक आलं. तंद्रीतच त्याने चष्मा डबीत घालून दिला.

पुन्हा पुस्तकात पाहिलं, तर सगळं पुसट. वाटलं, धुकं दाट झालं. मग नाकाला हात लावला. दिला तो स्वतःचा!

तपासणीच्या काचा लावून बघाव्यात, तर काचांवरचे नंबर वाचायलाही चष्मा लागत होता. इतक्यात निवृत्त पोस्टमनकाका डोळे तपासायला आले. त्याने तक्त्याऐवजी पुस्तकच त्यांच्यापुढे धरलं.

"वाचा."

"'दिवा विझला. तिने अंधारात काडेपेटी चाचपली.' दिसतंय की स्वच्छ! कशाला उगाच चष्मा?"

"पुढे वाचा, पुढे!"

काका वाचत राहिले. दोन तुकडे झालेला चष्मा घेऊन शिंपीणबाई आल्या आणि ऐकत तिथेच टेकल्या. बायकोचा फोन आला. "दिवा विझलाय, नंतर बोलू," म्हणून त्याने ठेवून दिला. थोड्याच वेळात तिने धाडलेला वायरमन शिडी घेऊन हजर.

"कुठला दिवा?"

"दीपगृहातला," शिंपीणबाई पुटपुटल्या. "बसा गुपचूप."

तो शिडीच्या पायरीवर बसला.

होडी खडकांजवळ आली आणि नेमका काकांचा घसा बसला. पुस्तक वायरमनकडे गेलं. त्याने ते लांब धरलं, अजून लांब धरलं. शेवटी हातच संपले.

"ठके," चष्मेवाला काकुळतीला आला, "वाच ना गं जरा. होडी बुडेल!"

डब्यांचा मनोरा सोडून ठकी बाहेर आली. "'ति-ने... कं-दील... घेत-ला,'" ती अडखळत वाचू लागली. एरवी तिला टोकणारा बाप श्वास रोखून ऐकत होता. हळूहळू शब्द सुटे व्हायचे थांबले, वाक्यं वाहू लागली. दुकानात खारा वारा आल्यासारखं वाटलं.

दारात बायको मेणबत्ती घेऊन उभी. "अहो, लाइट तर आहेत! झालंय काय?"

"श्श!" सगळे म्हणाले.

आणि ठकीचा आवाज थांबला. नुसते ओठ हलत होते. मग तेही थांबले. डोळे तेवढे ओळींवरून धावत राहिले.

"अगं, मोठ्याने वाच ना," चष्मेवाला कळवळला. "होडी आली का?"

ठकीने मान वर केली नाही. पान उलटून ती भिंतीकडे तोंड करून बसली.

"बाबा, गप्प बसा ना. मी वाचतेय."