मास्तरांच्या भिंतीवरचा आकडा

कोणी नवी गाडी घेतली की लोक पेढे मागतात. आमचे शेजारी भाऊराव मास्तर नंबर प्लेटीपुढे उकिडवे बसतात आणि विचारतात, "याले भाग जाते का?"

माझ्या मोटारसायकलचा हार अजून ताजा होता, तेव्हा म्हणाले, "तेरानं भाग जाते. ढिली गाडी हाय, बापा!" बायको दोन दिवस मागे बसली नाही.

गणिताचे रिटायर मास्तर. ज्या आकड्याला एक आणि तो स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, तो त्यांचा सोयरा. बाकी सगळे ढिले. बैठकीच्या भिंतीवर खडूनं हातभर लिहून ठेवलं होतं: ७३९३९१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस!

"याले भाग जात नाही. आता उजवीकडचा एक आकडा पूस. तरी जात नाही. पुसत पुसत चाल, शेवटी सात उरते, तरी नाही! असा याच्याहून मोठा आकडा दुनियेत नाही."

म्हटलं, मास्तर फेकून राहिले. मोबाइलवर तपासलं आणि हबकलोच. सगळं खरं निघालं.

आकडे आठ, घरात माणसं आठ. सात मास्तरांचा, पुढचा तीन त्यांच्या बायकोचा, म्हणजे सुमनकाकूंचा, मग मुलं, सुना, नातू, आणि अगदी शेवटचा तीन मायाचा, त्यांच्या लाडक्या मुलीचा. नियम असा, की घर सोडून जाईल त्यानं आपला आकडा आपल्या हातानं पुसून जायचं.

मायाच्या लग्नात तर हद्द झाली. वरात सौंसरहून आलेली. बिदाईची गाडी सुरू, पोरगी रडून राहिली, आणि मास्तर ओरडले, "थांबा! आकडा पुसायचा राहिला!" नवरदेवासकट सारी वरात बैठकीत घुसली. मायानं शालूच्या पदरानं तीन पुसला. व्याह्यांचा चेहरा पांढराफटक. मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, हे डोक्यानं बरे हायेत ना?"

मग थोरला बायको-पोराला घेऊन नागपूरला गेला. नातवाला कडेवर उचलून त्याच्या हातानं पुसवलं. धाकटा बायकोसोबत भोपाळला गेला. राहिले त्र्याहत्तर. "पाहा, अजून भाग जात नाही!" मास्तर म्हणायचे. काकू आतून विचारायच्या, "तुमच्या आकड्याले चहा देऊ का?"

यंदा काकूंना नागपूरच्या दवाखान्यात नेलं. "आठ दिवसांत येतो," म्हणून हसत गेल्या. परत आल्या नाहीत.

तेरवीनंतर बैठकीला चुना मारायला मी माणूस घेऊन गेलो. त्र्याहत्तर तसंच होतं. मास्तरांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "तीन पुसून टाकू का? सात उरेल. त्यालेही भाग जात नाही." आणि भिंतीकडे हात नेला.

मास्तरांनी माझं मनगट धरलं. चाळीस वर्षं पोरं शिकवली, कुणावर हात उचलला नव्हता या माणसानं.

"ज्याचा त्यानं पुसायचा," ते म्हणाले. "तिनं कुठं पुसला, बापा? येतो म्हणून गेली ती."