पाचारणासाठी शंका अनिवार्य

ख्रिस्ती महाविद्यालयात पाचारण कक्ष सुरू झाला तो अत्यंत सद्भावनेने. देवाने आपल्याला कोणत्या कामासाठी बोलावलं आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला शांतपणे उमगावं, हा उद्देश. ते उमगल्याची कक्षाची खात्री पटल्याशिवाय पदवी मिळणार नाही, ही किरकोळ तरतूद त्या शांततेसाठीच होती.

शेवटच्या वर्षाची थोरली (घरात सगळ्यांत मोठी, म्हणून कॉलेजातही थोरलीच) कक्षात आली ती उत्तर घेऊनच. तिची मावशी वृद्धाश्रमात देखभालीचं काम करायची. सुट्टीत थोरली तिथे म्हाताऱ्यांना भरवायची, त्यांची नखं कापायची, त्याच त्या गोष्टी पुन्हा नव्याने ऐकायची. तिचा जीव तिथे रमला होता. मावशी निवृत्त होणार होती आणि तिची जागा थोरलीसाठी राखून ठेवली होती.

“मला तिथेच काम करायचंय, सर.”

कक्षप्रमुखांच्या कपाळावर आठी पडली. “शंका?”

“कसली?”

“कसलीही. तळमळ, घालमेल, झोप उडणं?”

“झोप छान लागते, सर.”

“मग आम्ही मार्गदर्शन कशाचं करायचं, बाळ?”

मुद्दा बिनतोड होता. नियमानुसार शोध शंकेपासून सुरू होऊन खात्रीपाशी संपायचा. ही पोरगी तर थेट शेवटच्या पायरीवर येऊन बसली होती. तिला मागे नेण्याची जबाबदारी कक्षाने स्वीकारली. मौनाच्या खोलीत बसवून सरांनी तिला मौनाच्या महत्त्वावर दुपारभर व्याख्यान दिलं. मग समुपदेशक बाईंनी हळूच विचारलं, “तुला म्हातारे आवडतात, की ते तुझं कौतुक करतात हे आवडतं?” थोरली पहिल्यांदाच अडखळली. बाईंचा चेहरा समाधानाने फुलला.

पुढची प्रगती झपाट्याने झाली. भरवताना थोरलीचा हात मध्येच थांबू लागला. हे देव करवतोय, की मीच करतेय? चमचा अधांतरी आणि आजोबा आ वासून बसलेले.

“अगं, सूप गार होतंय!” मावशी वैतागली. “देवाला सावकाश विचार. आजोबांना भूक आत्ता लागलीय.”

हे कक्षात कळलं तेव्हा सरांनी सहानुभूतीने मान हलवली. “तुझ्या मावशींचं पाचारण कधी तपासलंच गेलं नाही. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष?”

वाईट याचं वाटतं, की पोरगी मनापासून प्रामाणिक होती. रुजू होण्याची वेळ आली तेव्हा ती ढसाढसा रडली, प्रार्थना केली आणि “अजून नक्की कळत नाहीये” असं वृद्धाश्रमाला कळवून मोकळी झाली. इतकी सखोल शंका आजवर कुणालाच आली नव्हती, असा कक्षाने तिचा जाहीर गौरव केला आणि तिला कक्षातच सहायक मार्गदर्शक म्हणून नेमलं. आता कुणी उत्तर घेऊन आलंच, तर त्याला मागे न्यायचं काम तीच करते, तेही फार मायेने.

मावशीची जागा अजून रिकामी आहे. वाचून तुम्ही हळहळला असाल. कुणीतरी जायला हवं, असंही वाटलं असेल. त्या वृद्धाश्रमात तुमचीही आई आहे ना? एकदा जाऊन यावं, असं बरेच महिने तुमच्या मनात घोळतंय. घोळू द्या. अशा बाबतीत घाई बरी नाही.