वारा चावतो

डॉ. भोईरांची आणि माझी पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. मी नमस्कार केला. त्यांनी तो अर्धाच परत केला आणि दोन्ही हातांची बोटं माझ्या कानांच्या पुढे टेकवली.

"तोंड उघडा. मिटा. पुन्हा उघडा."

बदलापुरात बेलवलीला राहायला येऊन मला चौथाच दिवस झाला होता. सोसायटीचा काही रिवाज असेल म्हणून मी उघडलं. तिसरा मजला येईपर्यंत तपासणी आटोपली. "डावीकडे कट् वाजतंय. फार नाही. नाव काय म्हणालात?"

नाव मी सांगितलंच नव्हतं. पुढे कळलं की त्यांना नावं लागतही नाहीत. ते माणसं जबड्यावरून ओळखतात. आमचे सेक्रेटरी म्हणजे 'झोपेत दात खाणारे', दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणजे 'फक्त उजवीकडून चावणाऱ्या'. मी अंबरनाथच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो हे समजल्यावर मात्र मला 'मास्तर' म्हणायला लागले. तीस वर्षं बोलून जबडा झिजवलेला माणूस म्हणून थोडा आदरही असावा.

डॉक्टर एका दंत महाविद्यालयात शिकवतात. विषय मुखरोग, आणि त्यातही चेहऱ्याची दुखणी आणि जबड्याचे सांधे. संध्याकाळी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये दवाखाना. पाटीवर एक मोठा हसरा दात आहे, पण तो आधीच्या भाडेकरूचा. माणसं दात काढायला येतात आणि दात घेऊन परत जातात, अशी या दवाखान्याची ख्याती आहे. एकदा माझ्यासमोरच एक कापडवाले शेठ गाल धरून आले.

"डॉक्टरसाब, निकाल दो."

"क्यों? उसने क्या बिगाडा?"

"अरे साईं, दर्द करता है!"

"दर्द आपको है. दात को है या नहीं, वो देखेंगे. बैठो."

मग प्रश्न. दुखतं कधी, किती वेळ, जेवताना की बोलताना, गिऱ्हाइकाशी भांडण झाल्यावर की आधीपासून? विसाव्या मिनिटाला शेठ उठले, समोरच्या दवाखान्यात जाऊन दात काढून घेतला आणि पंधरा दिवसांनी पुन्हा इथेच आले. दात गेला होता, दुखणं जागेवर होतं. मी असतो तर 'सांगितलं नव्हतं?' म्हणण्याची संधी सोडली नसती. डॉक्टर एवढंच म्हणाले, "बैठो. अब बताओ, कैसा दुखता है?"

सुट्टीच्या दिवशीही त्यांची तपासणी थांबत नाही. लग्नात आहेर, मानपान, कोण कुणाशी बोलत नाही, यातलं काही त्यांना दिसत नाही. समोरच्या रांगेतले हलणारे गाल तेवढे दिसतात. एकदा नवरा-नवरी एकमेकांना घास भरवत असताना ते गर्दीतून पुढे गेले आणि म्हणाले, "घास लहान घ्या. आणि जांभई आली तर हनुवटीखाली हात धरा." वऱ्हाडाला तो आशीर्वादच वाटला. नवरी वाकून पाया पडली.

आमची गट्टी जमली ती एका प्रश्नावलीमुळे. या भागातली माणसं चेहऱ्याचं दुखणं कोणत्या शब्दांत सांगतात, यावर डॉक्टर शोधनिबंध लिहीत होते. कॉलेजने कुणा भाषातज्ज्ञाकडून मराठी प्रश्नावली करून घेतली होती. पहिला प्रश्न होता, 'आपणास मुखमंडलाच्या क्षेत्रात विद्युत्सदृश वेदनेची अनुभूती होते काय?' दवाखान्यात हा प्रश्न एका आजींना वाचून दाखवला, तर त्यांनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. त्यांना वाटलं, काहीतरी स्तोत्र आहे.

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "माणसं अशी दुखतात का हो?"

मग त्यांनी स्वतःची वही काढली. तीसेक वर्षांची, पुठ्ठा दोनदा बदललेली. तिच्यात ठणका होता, कळ होती, सणक, रग, ठसठस, भगभग होती. एक रिक्षावाला म्हणाला होता, 'कानात कोणीतरी किक मारतंय.' एका बाईने सांगितलं होतं, 'गालात मुंग्यांचं लग्न लागलंय.' प्रत्येक शब्दापुढे वय, गाव आणि शेवटी निघालेलं निदान. आयुष्यभर मी मुलांना शब्दसंपत्ती शिकवली, पण ती इथे गालाला हात लावून बसलेल्या लोकांकडे होती.

पहिल्या पानावरची पहिली नोंद अशी: 'वारा चावतो. स्त्री, वय ५२, मु. जांभूळ. तपासणाऱ्याने दाढ काढली. दुखणे तसेच. दुसरी काढली. तसेच. तिसरी काढली.'

"हा तपासणारा कोण गाढव?" मी विचारलं.

"होता एक." डॉक्टरांनी चष्मा पुसला. "किडलेली दाढ दुखायला गालाच्या कातडीला वारा लागावा लागत नाही, मास्तर. नुसती झुळूक लागून कळ उठत असेल, तर दुखणं नसेचं असतं. बाईने पहिल्याच वाक्यात निदान सांगितलं होतं. ऐकायला कोणी नव्हतं."

निबंध गेला, आणि चार महिन्यांनी परत आला. परीक्षकांना तो आवडला होता. एकच सूचना होती, जो शब्दप्रयोग एकाच रुग्णाने वापरला आहे तो यादीतून वगळावा. निबंधाच्या यादीत असा एकच होता, 'वारा चावतो'. तेवढं केलं की निबंध छापला जाणार होता, आणि तो छापला की डॉक्टर प्राध्यापक होणार होते. दोनदा त्यांना डावलून धाकट्यांना ते पद मिळालं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तिसरी संधी येणार नव्हती.

"नाही काढणार," डॉक्टर म्हणाले.

"अहो, दोन शब्दांचा प्रश्न आहे."

"दात काढा, शब्द काढा. सगळ्यांना काढायचीच घाई."

आठवडाभर मी त्यांना समजावलं. प्राचार्यांनी दोनदा फोन केला, सोमवारपर्यंत उत्तर पाठवा म्हणाले. शेवटी रविवारी दुपारी मी तीन मुद्दे कागदावर लिहून त्यांच्या घरी गेलो. एका इमारतीत राहूनही मी त्यांच्या घरात पहिल्यांदाच जात होतो. मे महिना. बदलापूरचा मे ज्याने काढलाय त्याला जास्त सांगायला नको. खिडक्या बंद, पंखा बंद, आणि पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी. यातही जबड्याचं काही शास्त्र असेल असं मला वाटलं.

आत डॉक्टर आईला जेवायला घालत होते. आई ऐंशीच्या पुढच्या, डोक्यावरून गालावर मऊ फडकं गुंडाळलेलं. डॉक्टर तांदळाची भाकरी कालवणात कुस्करून, काटे शोधून बाजूला काढत होते.

"मास्तर ना तुमी? बसा, बसा," म्हातारी म्हणाली. "माज्या पोराचा हात बगितला का कवा? लय हलका. मना वारा चावायचा ना, तवा यानं तीन दाढा काढल्या माज्या. नवीनच डाक्टर झालेला. कवा काढली ते कललं पन नाय! आख्ख्या जांभलात सांगलंय मी."

कालवणातली बोटं थांबली होती. डॉक्टर खाली बघत होते.

"तरी चावायचाच," म्हातारी सांगत राहिली. "मंग मुंबयच्या डाक्टरनं गोल्या दिल्या. आता काय नाय. पन हात हलका याचाच."

"आये, घास घे," डॉक्टर म्हणाले.

मी खिशातला कागद काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहिलं, 'सदर शब्दप्रयोग वगळता येणार नाही.' मग थांबलो. "कारण काय लिहू?"

डॉक्टरांनी हातातला काटा ताटाच्या कडेला ठेवला. "लिहा, रुग्ण विश्वासार्ह आहे." मग म्हणाले, "आणि तपासणाऱ्याचं नाव मागितलं, तर देऊ."

मी लिहीत होतो. घाम कागदावर पडत होता.

"बाला, पंखा लाव की," म्हातारी म्हणाली. "पावन्याचा जीव जातंय. मना आता काय होत नाय म्हनलं ना."

डॉक्टर उठले, बटणाजवळ गेले, चिकटपट्टीचं सुटत आलेलं एक टोक अंगठ्याने पुन्हा दाबून बसवलं. मग कपाटावरचं वर्तमानपत्र घेतलं, आईकडे पाठ करून मध्ये उभे राहिले आणि झुळूक मागे जाणार नाही अशा बेताने मला वारा घालू लागले.