फोटोतली उंची

योगेश शेडमध्ये जमिनीवर पालथा पडला होता. एका हातात फूटपट्टी, दुसऱ्या हातात जुना फोटो. चहा घेऊन आलेल्या उज्वलाला नवऱ्याचे फक्त पाय दिसले.

“अहो, पडलात की काय?”

“पडलो नाही, माप घेतोय. हे बघ, फोटोत चाक पार मडगार्डात शिरलंय. आणि आत्ता? बगळ्यासारखी उभी आहे गाडी!”

गाडी योगेशच्या वडिलांची, पुंजारामनानांची. लाल, बिनटपाची, दोनच सीटांची विलायती स्पोर्ट्स गाडी. देवळाली कॅम्पातल्या कुठल्याशा साहेबाने जाताना ती विकायला काढली आणि बैलजोडी आणायला निघालेले नाना ही गाडी घेऊन मखमलाबादला आले. गावाला तो विषय पोळ्यापर्यंत पुरला. नाना गेल्यावर गाडी कोंबड्यांच्या ताब्यात गेली. अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर योगेशने ती कोंबड्यांकडून परत घेतली, घासूनपुसून चालती केली आणि मग त्याला हा फोटो सापडला.

फोटो दसऱ्याचा होता. बॉनेटवर झेंडूची माळ, नाना स्टिअरिंगवर, शेजारी नव्या लुगड्यातली आई, आणि गाडी जमिनीला टेकायच्या बेतात. “नाना हौशी माणूस, मुद्दाम खाली बसवून घेतली असणार,” असं योगेशने ठरवूनच टाकलं. येत्या दसऱ्याला आईला अशाच गाडीतून चक्कर मारून आणायची, एवढी एकच इच्छा त्याने धरली. आईचे गुडघे वर्षभरात फार बिघडले होते. पुढच्या दसऱ्याला तिला इतक्या बुटक्या सीटवर बसता येईल याची खात्री नव्हती.

मेकॅनिक ललितने आयुष्यभर टेम्पो दुरुस्त केले होते, पण आत्मविश्वास विमानाचा होता. “स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे उडवतो भाऊ. अश्शी बसंल गाडी!”

“आणि शॉकअप?”

“जुने हायेत की. चालू हायेत.”

गाडी खरोखरच बसली. हुबेहूब फोटोसारखी दिसली. योगेशचे डोळे भरून आले.

घटस्थापनेला त्याने आईला, वत्सलाबाईंना, गाडीत बसवून देवीच्या देवळाकडे न्यायचं ठरवलं. त्यांना खाली सीटपर्यंत पोचवायला दोन माणसं लागली. मांडीवर नारळ दिला आणि गाडी निघाली.

आता स्प्रिंगचं काम उसळायचं आणि शॉकअपचं काम तिला आवरायचं. इथे स्प्रिंगा कापून ताठ झालेल्या, आणि शॉकअप जुन्या उंच गाडीच्या मापाचे, शिवाय दमलेले. उसळणारी तरणी आणि आवरणारा म्हातारा, अशी गत. पहिल्या स्पीडब्रेकरवर गाडी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, आणि मग तिला थांबावंसंच वाटेना. नारळ मांडीवरून उडाला आणि काचेवरून जाऊन बॉनेटवर फुटला.

“बघा बघा, आजीनं गाडीतनंच नारळ फोडला!” टपरीवरचा एकजण हात जोडून म्हणाला.

दुसऱ्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोटच टेकलं. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि मधे वत्सलाबाई. त्यांना एवढ्या खालून उठता येईना, तेव्हा मंडळाच्या पोरांनी त्यांच्यासकट गाडी उचलली. ढोलवाले तिथेच सराव करत होते, त्यांना राहवलं नाही. समोरून आलेल्या एका बाईला वाटलं देवीच आली, तिने वत्सलाबाईंना हळदीकुंकू लावलं आणि पायाही पडली.

“सुखी राहा,” वत्सलाबाईंनी आशीर्वादही देऊन टाकला. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, “योग्या, तुझ्या बापाची गाडी अशी नाचायची नाय.”

हे वाक्य योगेशला फार लागलं. रात्री तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी ललितने मान खाजवत मूळ मापाच्या स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे नवे शॉकअप शोधायला घेतले. “मी तवाच म्हनलो व्हतो, जोडी जमली पायजे.”

“कधी म्हणालास?”

“मनात.”

दसऱ्याच्या सकाळी गाडी तयार झाली. कुठेही नेली तरी शहाण्यासारखी चालत होती. पण उभी मात्र पुन्हा बगळ्यासारखी. योगेश माळ घातलेल्या बॉनेटशेजारी फोटो घेऊन उभा राहिला.

“आई, छान चालते गं. पण नानांची गाडी नाही झाली.”

वत्सलाबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला. “खाली बसंल नाय तर काय? डिकीत कोबीच्या गोण्या हायेत, सीटामागं झेंडूच्या. दसऱ्याचा बाजार व्हता ना.”

“आणि हे तू आत्ता सांगतेस?”

“तू पट्टीला इचारत व्हता. मला कुठं इचारलं?”

उज्वला पदराआड हसली. वत्सलाबाई फोटोवरून बोट फिरवत राहिल्या. “फोटो काढला, मला उतरवलं, माझ्या जागी फुलांची पाटी ठिवली आन गेला मार्केटला. फोटोपुरतीच बसले मी. रोज म्हनायचा, उद्या नेतो. पन भाजी कधी सुट्टी घेती का?”

  योगेश तडक चुलतभावाच्या मळ्यात गेला आणि कोबीच्या गोण्या घेऊन आला. डिकी भरली, सीटामागे झेंडू कोंबला. गाडी खाली गेली. पट्टी लावली तर अजून बोटभर उंच! योगेशने इकडे तिकडे पाहिलं आणि उरलेली झेंडूची गोणी उचलून धप्पकन आईच्या सीटवर ठेवली.

“अहो!” उज्वला ओरडली.

“पार बापावर गेला गं,” वत्सलाबाई म्हणाल्या.

योगेशने जीभ चावली आणि गोणी बाहेर काढली. “राहू दे. उंच तर उंच.”

“उंच कशी राहील? फोटोत मी व्हते ना,” वत्सलाबाई म्हणाल्या. उज्वलाचा हात धरून, गुडघ्यांना शिव्या घालत त्या सीटवर बसल्या. गाडीने हळूच मान खाली घातली. योगेश सदऱ्याची पर्वा न करता जमिनीवर पालथा पडला, पट्टी लावली आणि बराच वेळ उठला नाही.

“काय झालं?” उज्वलाने विचारलं.

“थोडी जास्तच बसली.”

“पन्नास वर्सात मीबी जरा वाढले,” वत्सलाबाई म्हणाल्या.

उज्वलाने मांडीवर नवा नारळ दिला. योगेश डोळे पुसून स्टिअरिंगवर बसला. पहिल्या स्पीडब्रेकरवर त्याने श्वास रोखला. गाडी वर गेली, खाली आली आणि गप्प झाली. नारळ जागचा हलला नाही.

“योग्या,” वत्सलाबाई समोर बघतच म्हणाल्या, “मार्केट आलं तरी मला उतरवू नको.”