तात्यांच्या पायातला काटा

निघताना कोणी शिंकलं की आपली माणसं घटकाभर बसतात. आमचे तात्या उठायचे. "शिंक आली! चला!" म्हणून मुद्दाम डावा पाय आधी बाहेर टाकायचे. कोणी शिंकलंच नाही तर कनवटीची डबी काढून तपकीर ओढायचे, स्वतःच दणकून शिंकायचे, आणि मगच निघायचे.

तात्या लोणंदला आमच्या रेल्वेच्या टोळीचे मुकादम. गावाबरोबर त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले आणि शकुन-अपशकुनांशी उघड भांडण मांडलं. मांजर आडवं गेलं की म्हणायचे, "जाऊ दे की, त्याला बी काय काम आसंल." नवा सदरा घालायचे तो अमावास्येलाच.

मी भंडाऱ्याकडचा. सहावीत शाळा सुटली आणि पोटानं मला इतक्या लांब आणलं. दीक्षा आमच्या घरानंही घेतली होती, पण माझ्या मनातली मांजरं अजून आडवी जातच होती. त्या वर्षी तर फारच. बायको पहिलटकरीण, माहेरी गेलेली. तिची थोरली बहीण बाळंतपणातच गेली होती. मला घास उतरेना. शेवटी तात्याच साहेबाशी भांडले आणि मला रजा मिळाली.

"नागपुऱ्या, दिस भराय अजून येळ हाय. आदी आमच्या विहारात चल, भंत्यांच्या फुडं बस जरा. मग तिथनंच गाडी धर."

पुण्यापलीकडचं सगळं तात्यांना नागपूरच.

विहार पाटणच्या वरच्या डोंगरात. एस.टी. सोडली की नुसता चढ. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा, आत हातभर उंचीची बुद्धमूर्ती. दगड गावानं डोक्यावरून वाहिलेले. आत शिरायच्या आधी तात्यांनी मला भिंतीतला आपला दगड दाखवला. "ह्यो माजा. वरचा बी माजाच, पर त्यो वाकडा बसलाय."

भंते तरुण होते, आणि डोंगरातल्या धुक्यानं त्यांना पडसं झालं होतं. संध्याकाळी त्यांनी चोंदलेल्या नाकानंच परित्राण, म्हणजे रक्षणाची पाली सुत्तं, म्हटली. अर्थ मला थोडाच कळला, पण कितीतरी दिवसांनी मी गाढ झोपलो.

सकाळी पिशवी उचलली. उंबऱ्याबाहेर पाय टाकणार, तोच मागं भंते शिंकले. लगेच आणखी एकदा.

उचललेला पाय मी मागं घेतला. मी तात्यांकडं बघितलं. आता "चला!" येणार.

तात्या पायरीवर बसले.

"थांब गड्या. पायात काटा गेलाय."

"बघू तात्या, मी काढतो."

"तू गप बस रं. बाभळीचा हाय, लय आत हाय."

त्या डोंगरावर औषधालासुद्धा बाभूळ नव्हती. तात्या तळपाय मांडीवर घेऊन शोधत राहिले. भंत्यांनी आतून चहा आणला आणि वाकून बघितलं.

"तात्या, काटा मोठा दिसतोय."

"व्हय भंते. पर निघंल. आवं, तुमी बी बसा की."

चहा संपला तेव्हाच तो निघाला. तात्या हात धुवायला गेले, तसे भंते मला हळूच म्हणाले, "हसू नका त्यांना. एकटा माणूस. त्यांची वाट बघणारं कुणी नाही, म्हणून ते कशाला भीत नाहीत. तुमची बघणारं आहे."

रजा संपवून परतलो तेव्हा तात्या रुळावर उभे होते. मी लांबूनच ओरडलो, "तात्या, मुलगी झाली! मायलेकी सुखरूप!"

तात्यांनी आधी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं. मग डबी काढून चिमूट ओढली आणि असे शिंकले, की सगळी टोळी वळून बघायला लागली.

"बगितलंस? भंते दोनदा शिंकलं. काय झालं? कायबी न्हाई!"

"खरंय. पण तात्या, तो काटा कुठल्या पायात होता हो?"

तात्यांनी उजवा पाय बघितला, मग डावा.

"निघाला न्हवं?" ते म्हणाले. "मग बास."