वरपक्ष अंधारात

मेहुणीच्या लग्नाचे फोटो मीच काढतो, असं विद्याधर बोलून गेला आणि बोलल्याबरोबर पस्तावला. मुळात माणूस भित्रा. मुलुंडच्या घरात गॅस पेटवतानाही तो मान मागे करून काडी लांबूनच दाखवायचा. पण सासरेबुवांनी पाठ थोपटली होती आणि बायको, म्हणजे कुंदा, त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. (असा योग फार वर्षांनी आला होता.)

ऑफिसातल्या नंदकुमारने कॅमेरा दिला, वर बसवायचा फ्लॅश दिला आणि कसं वापरायचं तेही भराभर सांगितलं. त्यातलं 'भावाने दुबईहून आणलाय, जपून' एवढंच विद्याधरच्या डोक्यात राहिलं.

हॉलमध्ये त्याचे हात थरथरायला लागले. कॅमेऱ्याच्या शटर-स्पीडच्या चकतीवर सगळे आकडे पांढरे, साठ तेवढा लाल. लाल म्हणजे धोका, हे कोणी सांगायला नको होतं. शिवाय हात हलत असेल तर स्पीड वाढवावा, असं त्याने कुठेतरी वाचलेलं. त्याने चकती लालवरून सव्वाशेवर सरकवली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. मग अंतरपाट, सप्तपदी, कानपिळी, सगळीकडे फ्लॅश असा लखलखला की भटजी एकदा मंत्रच चुकले. शेवटी मेहुण्याने, बाळने, त्याच कॅमेऱ्याने कुंदा-विद्याधरचाही जोडीने एक फोटो काढला.

फोटो धुऊन आले. पहिला विद्याधरने उलटसुलट करून पाहिला. उजवी अर्धी बाजू काळीकुट्ट. पुढच्याचीही तीच गत, त्याच्या पुढच्याचीही. नवरी माणिक हार घेऊन उभी, समोर कोणी नाही. बाळ नवरदेवाचा कान पिळतोय, तर मनगटाच्या पुढे हातच नाही. उजवीकडे वरपक्ष उभा होता. तो सबंध गेला होता.

नंदकुमारने रिकाम्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून फ्लॅश उडवून दाखवला. लालवर आतला पडदा पूर्ण उघडा दिसे, सव्वाशेवर अर्धाच, म्हणजे फ्लॅशचा उजेड अर्ध्याच फोटोला.

"सांगितलं होतं ना यार, फ्लॅश लावलास की लालच," तो म्हणाला.

आता खरी भीती वनमालाबाईंची होती. त्या नवरदेवाच्या आई, मानपानाला कडक. लग्नात भावाला दुसऱ्या पंगतीला बसवलं म्हणून त्या स्वतः जेवल्या नव्हत्या. आपल्या थरथरीपायी माणिकला सासरी जन्मभर टोमणे खावे लागणार, याची विद्याधरला खात्रीच झाली. आणि रविवारी त्या कांदिवलीहून खास फोटो बघायला येणार होत्या.

त्या माणिकला घेऊन आल्या. पोह्यांना हात न लावता त्यांनी सगळे फोटो पाहिले. माणिक भिंतीला टेकून उभी होती, तिचा चेहरा उतरत चालला होता.

"मुलीकडचे सगळे झकास आलेत," वनमालाबाई म्हणाल्या. "आमचं एक माणूस नाही. मुद्दाम केलंत?"

विद्याधरला लाल साठ समजावून सांगायचा होता, पण सुरुवात कुठून करावी कळेना. त्याने खिशात लपवलेला शेवटचा फोटो पुढे केला. त्यात शालू नेसलेली कुंदा लख्ख हसत होती.

"ह्यात मी पण आहे," तो कसाबसा म्हणाला.

"कुठे?"

"काळ्यात."

वनमालाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि त्यांना जे हसू फुटलं ते पदराने डोळे पुसेपर्यंत थांबेना. मग पोहे मागून त्यांनी फर्मान काढलं, की पुढच्या रविवारी मुंडावळ्या बांधून सगळं पुन्हा काढायचं, आणि माझा भाऊ पुढे. माणिक हसली, तेव्हा विद्याधरचा जीव भांड्यात पडला.

या वेळी त्याने लाल आकडा सोडला नाही. फोटो स्वच्छ आले. त्याचा आणि कुंदाचाही पुन्हा काढला, त्यात दोघंही लख्ख दिसत होते. कुंदाने नवा आणि जुना शेजारी ठेवून बराच वेळ निरखले आणि जुनाच फ्रेम करून हॉलमध्ये लावला.

"नवा का नाही गं?" विद्याधरने विचारलं.

"ह्यात काही खटकत नाही," कुंदा म्हणाली.